ज्वालामुखी : लाव्हाहून राख आणि चिखल अधिक घातक

'ज्वालामुखी' हा शब्द उच्चारताच मुलांच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. शंकूसारखा डोंगर, त्याच्या माथ्यातून उसळणाऱ्या ज्वाळा, वर काळा धूर आणि उतारावरून धावत येणारी लालभडक नदी. चित्रकलेच्या वहीत हेच चित्र असते आणि चित्रपटांतही हेच. शब्दानेही या चित्राला हातभार लावला आहे. ज्याच्या मुखात ज्वाला तो ज्वालामुखी. हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात ज्वालामुखी नावाचे प्रसिद्ध देवस्थान आहे आणि तेथे खडकाच्या फटींतून खरोखरच ज्योती तेवत असतात. मात्र त्या जमिनीतून झिरपणाऱ्या नैसर्गिक वायूच्या ज्योती आहेत. तेथे ज्वालामुखी पर्वत नाही. उलट खऱ्या ज्वालामुखीत जळण्यासारखे फारसे काही नसते. लाव्हा पेटलेला नसतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापून लाल व्हावे, तसा तो तापून वितळलेला दगड असतो. वर चढणारा 'धूर' हाही धूर नव्हे. दगडाची आणि काचेची बारीक भुकटी, वाफ आणि निरनिराळे वायू यांचा तो लोट असतो.

या ठरलेल्या चित्राचा एक तोटा आहे. ज्वालामुखीचा धोका नेमका कोठून येतो हे त्यात दिसतच नाही. गेल्या चार शतकांत ज्वालामुखींमुळे जी लक्षावधी माणसे प्राणास मुकली, त्यांत लाव्हाच्या प्रवाहात सापडलेल्यांची संख्या अगदी अल्प आहे. बाकीच्यांना राखेने, चिखलाने, समुद्राच्या लाटांनी, विषारी वायूंनी आणि सर्वांत जास्त म्हणजे उद्रेकानंतर आलेल्या उपासमारीने मारले.

दगड वितळतो कसा

आपण ज्यावर उभे आहोत ते पृथ्वीचे कवच समुद्राखाली पाच ते दहा किलोमीटर आणि खंडांखाली साधारण तीस ते पन्नास किलोमीटर जाड आहे. त्याच्या खाली प्रावरण नावाचा सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचा थर आहे. कवचाखाली सगळीकडे उकळत्या लाव्हाचा समुद्र आहे असे पुष्कळांना वाटते, पण ते खरे नाही. प्रावरण अतिशय तप्त असले तरी बहुतांशी घन आहे. वरच्या खडकांचा प्रचंड दाब त्याला वितळू देत नाही. हा दाब कोठे कमी झाला, किंवा त्या तप्त खडकात पाणी शिरले, तरच त्याचा काही भाग वितळतो. जमिनीखालच्या या वितळलेल्या दगडाला शिलारस म्हणतात, आणि तोच भूपृष्ठावर आला की त्याला लाव्हा हे नाव मिळते.

पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या भूपट्टांत विभागलेले आहे आणि नखे वाढतात साधारण त्याच संथ गतीने हे भूपट्ट सरकत असतात. आइसलँडसारख्या ठिकाणी दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात. तेथे खालचा खडक वर येतो, त्यावरचा दाब घटतो आणि तो वितळतो. इंडोनेशिया, फिलिपिन्स, जपान आणि दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत येथे याच्या उलट घडते. समुद्राखालचा भूपट्ट दुसऱ्याच्या खाली बुडतो आणि आपल्याबरोबर पाणी खोलवर घेऊन जातो. त्या पाण्याने वरचा तप्त खडक वितळू लागतो. अंदमान समुद्रातील बॅरन बेट याच प्रकारात मोडते. भारताच्या भूमीवरील हा एकमेव जागृत ज्वालामुखी. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ सालची आहे. मधे दीडशेहून अधिक वर्षे तो जवळजवळ निद्रिस्त राहिला आणि १९९१ साली पुन्हा जागा झाला. तेव्हापासून अधूनमधून तो राख व लाव्हा बाहेर टाकत असतो. बेटावर मनुष्यवस्ती नाही, हे सुदैव.

सगळे ज्वालामुखी सारखे फुटत नाहीत. काही नुसते वाहतात, काहींचा स्फोट होतो. हा फरक समजून घ्यायला स्वयंपाकघरात डोकावले तरी पुरे. चुलीवर पातळ पेज उकळत असली की बुडबुडे वर येतात आणि सहज फुटून जातात. तेच घट्ट पिठले शिजत असले की वाफ आत अडकते, जोर करते आणि फट्‌कन उडून हाताला चटका देते. शिलारसाचेही असेच आहे. त्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड असे वायू विरघळलेले असतात. शिलारस पातळ असेल तर वायू निसटून जातात आणि लाव्हा शांतपणे वाहत राहतो, जसा हवाई बेटांवर. त्यात सिलिकाचे प्रमाण जास्त असेल तर तो चिकट आणि घट्ट होतो, वायू कोंडून राहतात आणि शेवटी डोंगराचा माथाच उडवून देतात. जो शिलारस बाहेर पडायला नाखूश असतो, तोच अधिक भयंकर ठरतो.

जगात जमिनीवर सुमारे १,३५० ज्वालामुखी असे आहेत की ते केव्हा ना केव्हा जागे होऊ शकतात. त्यांतले चाळीस-पन्नास एका वेळी कोठे ना कोठे धुमसत असतातच.

लाव्हा घर घेतो, माणसाला वाट देतो

लाव्हाचे तापमान ७०० ते १,२०० अंश सेल्सिअस असते. तो ज्यावरून जातो ते जाळतो, पुरतो आणि वर काळ्या दगडाचे आच्छादन घालतो. तरीही बहुतेक वेळा तो माणसाच्या चालण्यापेक्षा हळू सरकतो. हवाईतील किलाउआ ज्वालामुखीच्या २०१८ सालच्या उद्रेकात सातशेहून अधिक घरे लाव्हाखाली गेली. रस्ते गेले, बागा गेल्या, समुद्रकिनाऱ्याची रेषाच बदलली. मात्र एकाही माणसाचा जीव गेला नाही. लोकांना सामान बांधून निघून जायला वेळ मिळाला. याला अपवाद आहेत. काँगोमधील न्यिरागोंगोचा लाव्हा इतका पातळ आहे की १९७७ साली तो ताशी कित्येक किलोमीटर वेगाने खाली आला आणि पळणाऱ्यांना त्याने गाठले. २००२ साली याच डोंगरातून निघालेला प्रवाह गोमा शहराच्या मध्यातून गेला. तरी असे ज्वालामुखी थोडेच.

तापलेल्या राखेचा लोट

इ.स. ७९ साली इटलीतील व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला. हा डोंगर धोक्याचा आहे हे पायथ्याशी राहणाऱ्या रोमन लोकांच्या ध्यानीमनीही नव्हते. उतारांवर द्राक्षांचे मळे होते. त्या दिवशी नेपल्सच्या उपसागरापलीकडून सतरा वर्षांचा एक मुलगा हे दृश्य पाहत होता. पुढे त्याने इतिहासकार टॅसिटस याला दोन पत्रांतून ते सविस्तर कळवले. हा धाकटा प्लिनी. डोंगरातून निघालेला ढग त्याला एखाद्या पाइन वृक्षासारखा वाटला होता, खोड उंच आणि वर फांद्या पसरलेल्या. त्याचे मामा थोरले प्लिनी हे आरमाराचे अधिकारी आणि निसर्गाचे अभ्यासक होते. ते लोकांना सोडवायला जहाजे घेऊन गेले आणि परत आले नाहीत. आजही अशा प्रकारच्या उद्रेकाला शास्त्रज्ञ 'प्लिनियन' म्हणतात.

सुमारे दहा किलोमीटरवरील पॉम्पेई नगरावर आधी कित्येक तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला. छपरे त्या भाराने कोसळू लागली. पुष्कळ लोक याच वेळी शहर सोडून गेले आणि वाचले. जे घरात थांबले, त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेली राख आणि वायू यांचा लोट येऊन आदळला. शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये फारसे सांगाडे सापडत नसल्यामुळे तेथील बहुतेक लोक सुटले असावेत, असे बराच काळ मानले जात होते. मग १९८० नंतर जुन्या किनाऱ्यावरचे नावांचे कमानीदार गाळे उकरले गेले आणि त्यांत दाटीवाटीने बसलेली सुमारे तीनशे माणसे सापडली. ती बहुधा नावांची वाट पाहत होती.

हा लोट म्हणजे ज्वालामुखीचे सर्वांत क्रूर हत्यार होय. कित्येकशे अंश तापलेली राख, दगड आणि वायू यांचे मिश्रण हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न चढता उतारावरून जमिनीला चिकटून धावते. त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या सहज पुढे जातो. त्याच्यापुढे धावून कोणी वाचत नाही. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर ८ मे १९०२ रोजी सकाळी आठच्या सुमारास माँ पेले हा ज्वालामुखी असाच फुटला. काही मिनिटांत सें-पिएर हे गजबजलेले बंदर नष्ट झाले आणि सुमारे २८ हजार लोक मेले. त्याआधी कित्येक दिवस राख पडत होती, गंधकाचा वास येत होता, आणि आसपासच्या खेड्यांतले लोक शहर सुरक्षित समजून तेथेच आश्रयाला आले होते. शहरातून वाचलेल्या मोजक्यांत एक कैदी होता. जाड भिंतींच्या, जवळजवळ खिडकीच नसलेल्या कोठडीत त्याला बंद केलेले होते.

राख साधी पडली तरीही ती निरुपद्रवी नसते. चुलीतली राख फुंकरीने उडते. ही मात्र दगड आणि काच यांची धारदार पूड असते. ती पाण्यात विरघळत नाही, फुप्फुसांना ओरखडते, पिके झाकून टाकते. पावसात भिजली की तिचे वजन दुपटीपर्यंत वाढते आणि चांगली भक्कम छपरे खाली येतात. विमानांना तर ती कर्दनकाळ आहे. २४ जून १९८२ च्या रात्री जावा बेटावरून जाणारे ब्रिटनचे एक प्रवासी विमान गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. राख इंजिनात वितळून चिकटली होती. विमान हजारो मीटर खाली घसरत गेल्यावर, राखेच्या बाहेर पडल्यावर, इंजिने पुन्हा चालू झाली आणि ते जकार्त्यात उतरले. तेव्हापासून राखेच्या ढगांवर जगभर पाळत ठेवली जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातील हायली गुब्बी या ज्वालामुखीची राख तांबडा समुद्र आणि अरबस्तान ओलांडून गुजरात, राजस्थान व दिल्लीच्या आकाशात आली, तेव्हा भारतातील काही विमानफेऱ्या रद्द कराव्या लागल्या त्या याच कारणाने.

अर्मेरोची रात्र

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात नेवादो देल रुइस हा ५,३०० मीटरहून उंच, माथ्यावर बारमाही बर्फ असलेला ज्वालामुखी आहे. विषुववृत्ताजवळ असूनही उंचीमुळे तेथे बर्फ टिकतो. १९८४ च्या अखेरीपासून तो हलू लागला. शास्त्रज्ञांनी पाहणी केली, आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये धोक्याचा नकाशाही प्रसिद्ध झाला. उद्रेक झाल्यास चिखलाचे लोंढे कोणत्या दऱ्यांतून जातील हे त्यावर दाखवलेले होते, आणि अर्मेरो हे गाव त्या वाटेतच होते. गावाला हा अनुभव नवा नव्हता. १८४५ साली अशाच लोंढ्याने त्या जागी सुमारे एक हजार माणसे मारली होती, आणि पुढे त्याच वाळलेल्या चिखलावर अर्मेरो उभे राहिले होते. जमीन कसदार होती, कापूस आणि भात उत्तम पिकत असे.

१३ नोव्हेंबर १९८५ रोजी दुपारी गावावर राख पडू लागली. संध्याकाळी ती थांबली, तसे लोक निर्धास्त झाले. शांत राहा, घरातच राहा, असे त्यांना सांगण्यात आले होते. बाहेर पाऊस होता. रात्री नऊ वाजून गेल्यावर डोंगरावर उद्रेक झाला. तो फार मोठा नव्हता. ज्वालामुखींच्या हिशेबात तर मध्यमच म्हणावा लागेल. मात्र तापलेली राख आणि दगड बर्फावर पसरले आणि त्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा पाहता पाहता वितळला. ते पाणी राख, माती, दगडधोंडे, उन्मळलेली झाडे घेऊन नद्यांच्या खोल दऱ्यांत शिरले. वाटेत मिळेल ते गिळत हा लोंढा आपल्या मूळ आकाराच्या कित्येक पट वाढला. ओल्या सिमेंट-काँक्रीटसारखा दाट, आणि तरीही धावणारा.

अर्मेरो डोंगरमाथ्यापासून सत्तर किलोमीटरहून दूर होते. लोंढ्याला तेथे पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. हे दोन तास म्हणजे या सगळ्या हकिकतीतला सर्वांत दुःखद भाग होय. गावाजवळच उंच जमीन होती. निरोप मिळाला असता तर पुष्कळ लोक चालत वर जाऊ शकले असते. रात्री साडेअकराच्या सुमारास चिखल गावात शिरला. अर्मेरोच्या सुमारे २९ हजार रहिवाशांपैकी वीस हजारांहून अधिक त्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत मेले. आसपासची गावे धरून बळींची संख्या २३ हजारांच्या घरात गेली. एका थेंबाइतकाही लाव्हा या गावापर्यंत आला नव्हता.

या लोंढ्यांना शास्त्रज्ञ 'लहार' म्हणतात. शब्द जावा बेटावरचा आहे आणि तेथल्या लोकांना तो शतकानुशतके ठाऊक आहे. लहारला उद्रेकच हवा असतो असेही नाही. उतारावर साठलेल्या जुन्या राखेवर मोठा पाऊस पडला तरी तो सुटतो.

समुद्र, वायू आणि भूक

इंडोनेशियातील सुमात्रा आणि जावा यांमधल्या सामुद्रधुनीत क्राकाटोआ नावाचे बेट होते. २७ ऑगस्ट १८८३ रोजी त्याचा बराचसा भाग स्फोटात नाहीसा झाला. तो आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरवरील हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. तेथल्या माणसांना दूर कोठे तोफा चालल्या आहेत असे वाटले. इतक्या मोठ्या स्फोटातही ३६ हजारांहून अधिक मृतांपैकी बहुतेकांना मारले ते लाटांनी. तीस मीटरहून उंच लाटा किनाऱ्यांवर चढल्या आणि गावेच्या गावे समुद्रात ओढून नेली. पुढे १९२७ साली त्याच जागी समुद्रातून नवा ज्वालामुखी वर येऊ लागला. स्थानिक लोकांनी त्याला 'अनाक क्राकाटाऊ' म्हणजे क्राकाटोआचे मूल असे नाव दिले. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री या मुलाचा एक उतार कोसळला आणि उठलेल्या त्सुनामीत चारशेहून अधिक लोक गेले. त्सुनामी म्हटले की भूकंप आठवतो, आणि किनाऱ्यांवरील इशारा देणारी यंत्रणाही तेव्हा भूकंपाच्याच धक्क्याची वाट पाहत होती.

वायूंचा घाला याहून निःशब्द असतो. कॅमेरून देशातील न्योस हे ज्वालामुखीच्या विवरात साठलेले सरोवर आहे. त्याच्या तळाशी शिलारसातून आलेला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे विरघळून साचत होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री, सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा तो एकदम बाहेर फसफसला. हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो दऱ्यांतून पाण्यासारखा खाली वाहत गेला आणि पंचवीस किलोमीटरपर्यंतच्या वस्त्यांतील सुमारे १,७०० माणसे व हजारो गुरे गुदमरून मेली. घरे जशीच्या तशी उभी होती. पुढे २००१ साली त्या सरोवरात उभी नळी बसवून तळाचा वायू थोडाथोडा बाहेर सोडण्याची व्यवस्था करण्यात आली.

सर्वांत अधिक बळी मात्र भुकेने घेतले आहेत. इंडोनेशियातील सुंबावा बेटावरचा तांबोरा एप्रिल १८१५ मध्ये फुटला. नोंदल्या गेलेल्या इतिहासातला हा सर्वांत मोठा उद्रेक होय. एक हजार मीटरहून अधिक उंचीचा डोंगरमाथा नाहीसा झाला आणि त्या जागी सहा किलोमीटर रुंदीचा खड्डा उरला. प्रत्यक्ष उद्रेकात दहा हजारांच्या आसपास लोक मेले. शेते राखेखाली गेल्यामुळे उपासमारीने आणि रोगराईने त्याच्या कित्येक पट मेले. सल्फर डायऑक्साइड फार उंच चढून त्याचे सूक्ष्म थेंब बनले आणि सूर्यप्रकाश अडवत जगभर पसरले. पुढच्या वर्षी, १८१६ साली, युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात जून महिन्यात बर्फ पडले. स्वित्झर्लंडमधल्या शेतकऱ्याला आपले पीक का बुडाले, हे कळायला तेव्हा कोणताच मार्ग नव्हता. तांबोराचे नावही त्याने ऐकलेले नव्हते.

आइसलँडची कथा आणखी वेगळी. तेथे १७८३ साली लाकी येथे डोंगर फुटला नाही, जमीनच सुमारे २७ किलोमीटर लांब उसवली. त्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहिला आणि विषारी वायू निघाले. गवतावर फ्लोरिनची विषारी पुटे बसली. ते खाऊन निम्म्याहून अधिक पशुधन मेले, आणि मग दर पाच माणसांतले एक माणूस दुष्काळात गेले.

काळ्या दगडाचा देश

लाकीची भेग समजली की महाराष्ट्राचा काळा दगड समजणे सोपे जाते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर अशाच भेगांतून, पण अतिप्रचंड प्रमाणावर, लाव्हा वाहिला. एक थर, मग खंड, पुन्हा थर. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरच्या दगडाची माती होई. घाटात रस्त्याकडेच्या कातळात जे तांबडे आडवे पट्टे दिसतात, त्यांतले बरेच या भाजल्या गेलेल्या मातीचे आहेत. आज पाच लाख चौरस किलोमीटर भूभागावर हा दगड आहे आणि पश्चिम घाटात थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. भूशास्त्रात याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात; ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सह्याद्रीचे डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, ते पाहिले की नाव पटते. अजिंठा आणि वेरूळची लेणी याच दगडात कोरली आहेत. इंदूर ज्यावर वसले आहे ते माळव्याचे पठार याच लाव्हाचे, बडोद्याजवळचा पावागडही ज्वालामुखीच्या खडकांचा, आणि बेळगावचा परिसर या काळ्या दगडाच्या दक्षिण सीमेवर येतो. गोव्यात त्याची केवळ कड पोहोचते, ईशान्येला सुर्ल्याच्या बाजूच्या सह्याद्रीत. गोव्यातील घरांचा जांभा दगड छिद्राछिद्रांचा असल्यामुळे तोही थंड झालेला लाव्हा असावा, असे मुलांना वाटू शकते. तसे नाही. उष्ण, पावसाळी हवेत खडक हजारो वर्षे कुजून, त्यातले विरघळणारे पदार्थ वाहून जाऊन आणि लोह मागे राहून जांभा तयार होतो.

डायनोसॉर नष्ट झाले तो काळही हाच. मेक्सिकोत आदळलेल्या लघुग्रहाला बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष देतात. दख्खनच्या वायूंनी त्या प्राण्यांचे जगणे आधीच किती अवघड केले होते, यावर वाद चालू आहे. एवढे मात्र निश्चित की या उद्रेकांची काळी माती आजही कापूस आणि ज्वारी पिकवते. जगभर लोक ज्वालामुखींच्या पायथ्याशी का राहतात, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या मातीत आहे. व्हेसुव्हियसच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात आज सहा लाखांहून अधिक लोक राहतात. त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. डोंगर काही शतकांतून एकदा मारतो. शेत दरवर्षी पोसते.

आधी कळते का?

बहुतेक वेळा कळते, निदान काही प्रमाणात. शिलारस वर सरकू लागला की लहान लहान भूकंपांची मालिका सुरू होते. डोंगर किंचित फुगतो, आणि हा फुगवटा आता उपग्रहांवरूनही मोजता येतो. बाहेर पडणाऱ्या वायूंचे प्रमाण बदलते, झरे तापतात. या खुणांवरून उद्रेक जवळ आला आहे असे सांगता येते. दिवस आणि वेळ मात्र क्वचितच. आणि काही वेळा सगळ्या खुणा दिसूनही डोंगर पुन्हा शांत होतो. लोकांना गाव सोडायला लावणाऱ्या अधिकाऱ्यांची खरी अडचण हीच असते.

फिलिपिन्समधील पिनातुबो सुमारे पाचशे वर्षे निद्रिस्त होता. तो ज्वालामुखी आहे हे अनेकांना माहीतही नव्हते. १९९१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तेथे भूकंप आणि वाफेचे स्फोट सुरू झाले. फिलिपिन्स आणि अमेरिका येथील शास्त्रज्ञांनी डोंगराभोवती भूकंपमापक बसवले, जुन्या थरांवरून पूर्वीच्या उद्रेकांचा पल्ला मोजला आणि नकाशे काढले. प्रश्न होता लोकांना पटवण्याचा. त्या कामी एक चित्रफीत उपयोगी पडली. अर्मेरोच्या दुर्घटनेनंतर तयार झालेल्या या चित्रफितीतली दृश्ये मॉरिस आणि कातिया क्राफ्त या फ्रेंच दांपत्याने जगभर फिरून टिपली होती. तापल्या राखेचा लोट कसा धावतो, चिखल गाव कसा गिळतो, हे अधिकाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. धोक्याचा घेर टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्यात आला आणि हजारो कुटुंबे हलवली गेली. ३ जून रोजी क्राफ्त पती-पत्नी जपानमधील उंझेन ज्वालामुखीचे चित्रीकरण करत असताना नेमक्या अशाच लोटात सापडले. त्या दिवशी तेथे ४३ माणसे मेली. बारा दिवसांनी, १५ जून रोजी, पिनातुबोचा मुख्य उद्रेक झाला. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांत त्याची गणना होते. त्यानंतरच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

त्याच दिवशी तेथे चक्रीवादळही आले होते. राख भिजली, छपरे कोसळली, आणि उद्रेकातले बहुसंख्य मृत्यू त्यामुळे झाले. निर्वासितांच्या छावण्यांत गोवराची साथ पसरली, आणि पुढची कित्येक वर्षे प्रत्येक पावसाळ्यात लहार येत राहिले. हे सर्व मिळून बळींची संख्या आठशेच्या आसपास जाते. स्थलांतर झाले नसते तर निदान पाच हजार माणसे अधिक मेली असती, असा अंदाज आहे.

अर्मेरो पुन्हा वसवले गेले नाही. रुइसवर मात्र आता मानिसालेस शहरातल्या वेधशाळेची रात्रंदिवस नजर असते. मार्च २०२३ च्या अखेरीस डोंगराखाली भूकंपांची संख्या फार वाढली, तेव्हा धोक्याची पातळी पिवळ्यावरून नारिंगीवर नेण्यात आली आणि जवळच्या उतारांवरील कुटुंबांना खाली येण्यास सांगण्यात आले. पुष्कळ शेतकरी गुरे आणि बटाट्याची शेते सोडून यायला तयार होईनात. जूनच्या अखेरीपर्यंत इशारा कायम होता. मोठा उद्रेक झाला नाही, आणि पातळी पुन्हा पिवळ्यावर आणण्यात आली.